खोकल्याचे दिवस मोजत बसू नका : एचआयव्हीसह जगताना फुफ्फुसांची काळजी कशी घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, ही सूचना आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि सरकारी दवाखान्याच्या फलकावर वर्षानुवर्षे वाचायला मिळते, आणि सर्वसाधारण माणसासाठी ती योग्यच आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीने मात्र ती स्वतःला लावून घेऊ नये. अशा व्यक्तीसाठी नियम वेगळा आहे. खोकला कालपासूनचा असला तरी तो सांगायचा. आणि खोकला, ताप, घटत चाललेले वजन व रात्री येणारा घाम या चारांपैकी एकही गोष्ट आढळली तरी क्षयरोगाची तपासणी करून घ्यायची. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधे, जिथून मिळतात त्या एआरटी केंद्रात दर भेटीला हे चार प्रश्न विचारले जातात ते याचसाठी. रांगेत ताटकळलेला माणूस चारही प्रश्नांना एका दमात ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, असे पुष्कळदा घडते. त्या ‘नाही’मुळे आजार ओळखायला महिना महिना उशीर होतो, म्हणून हे उत्तर क्षणभर थांबून, आठवून द्यावे.

पुढील मजकूर एआरटी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. औषध कोणते आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडे केव्हा जायचे, जाताना सोबत काय न्यायचे आणि तिथे काय विचारायचे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आपला सीडी४चा आकडा पाठ असावा

फुफ्फुसाचा बाहेरच्या हवेशी दिवसरात्र थेट संबंध येतो, आणि या हवेतून आत आलेल्या जंतूंशी लढताना ज्या सीडी४ पेशी पुढे असतात त्यांनाच एचआयव्ही नष्ट करतो. त्यामुळे फुफ्फुसाचा कोणता आजार होण्याची शक्यता अधिक, हे बऱ्याच अंशी सीडी४च्या आकड्यावरून, म्हणजे रक्तातील या पेशींच्या मोजणीवरून, ठरते. जिवाणूंमुळे होणारा साधा न्यूमोनिया आणि क्षयरोग हे दोन्ही आकडा चांगला असतानाही होऊ शकतात. आकडा २००च्या खाली उतरला की न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका सुरू होतो. डॉक्टर त्याला ‘पीसीपी’ म्हणतात. एड्सची पहिली नोंद झाली तीच या आजारावरून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना हा न्यूमोनिया झाल्याचे छापून आले होते. आकडा १००च्याही खाली गेला तर क्रिप्टोकॉकस ही बुरशी फुफ्फुसात आणि तिथून मेंदूच्या आवरणात शिरू शकते.

म्हणून एआरटी केंद्राने दिलेल्या पुस्तकातील शेवटचा सीडी४चा आकडा, त्याची तारीख आणि व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाचा, शेवटचा निकाल या तीन गोष्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवाव्यात. नव्या डॉक्टरला या तीन नोंदींवरून जे कळते ते छाती तपासूनही लगेच कळत नाही. व्हायरल लोड दडपलेला असला आणि आकडा ५००च्या वर असला तर फुफ्फुसाच्या बहुतेक गंभीर संसर्गांचा धोका पुष्कळ कमी होतो, हे अगदी खरे. परंतु क्षयरोगाचा धोका तेव्हाही एचआयव्ही नसलेल्या माणसापेक्षा जास्तच राहतो. आपल्या देशात क्षयरोगाचे जंतू हवेत इतके सर्वत्र आहेत की ‘माझा आकडा उत्तम आहे’ या भरवशावर खोकल्याकडे काणाडोळा करणे परवडण्यासारखे नाही.

पहिल्या दिवशी घरी काय पाहावे

खोकला सुरू झाला की प्रथम तो कसा सुरू झाला हे लिहून ठेवा. थंडी वाजून ताप, छातीत एका बाजूला टोचल्यासारखी कळ, पिवळा किंवा गंजासारखा बेडका आणि हे सारे एक-दोन दिवसांत उभे राहिले असेल, तर डॉक्टरांच्या मनात आधी जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. कोरडा खोकला, बारीक ताप आणि दिवसागणिक वाढत जाणारी धाप, म्हणजे मागच्या आठवड्यात दोन जिने सहज चढणाऱ्याला आज न्हाणीघरापर्यंत जाताना थांबावे लागते, असे चित्र असेल तर पीसीपीचा विचार होतो. या आजारात छातीला नळी लावून ऐकले असता पुष्कळदा काहीच वेगळे ऐकू येत नाही, त्यामुळे ‘छाती स्वच्छ आहे’ असे ऐकून निर्धास्त होऊन परतू नये. धाप वाढते आहे हे पुन्हा स्पष्टपणे सांगावे. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा खोकला, संध्याकाळी चढणारा ताप आणि सैल होत जाणारे कपडे ही क्षयरोगाची ओळख सर्वांना असते. पण सीडी४ कमी असताना क्षयरोगात खोकला अगदी थोडा किंवा मुळीच नसतो आणि केवळ ताप व अशक्तपणा एवढेच दिसते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

दुसरे काम श्वास मोजण्याचे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आजारी व्यक्तीला पाच मिनिटे शांत बसू द्यावे, आणि आपण मोजत आहोत हे तिला न सांगता, घड्याळातील पूर्ण एक मिनिट तिची छाती किंवा पोट किती वेळा वर उचलले जाते ते मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास चूक होते. निरोगी प्रौढाचा श्वास बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो ३० किंवा त्याहून अधिक भरला, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा त्यापुढे गेला, नाडी मिनिटाला १२०पर्यंत पोहोचली, किंवा आधाराशिवाय चालता येईनासे झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार एचआयव्ही असलेली ती व्यक्ती गंभीर आजारी आहे असे धरले जाते. यांपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. चारही जमून येण्याची वाट पाहायची नसते. ओठ निळसर दिसणे, बोलताना वाक्य तुटणे, बेडक्यातून रक्त पडणे आणि बोलण्यात असंबद्धपणा येणे हीदेखील ताबडतोब रुग्णालय गाठण्याचीच कारणे होत.

करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेक घरांत अजून कपाटात पडून आहे. ते आता बाहेर काढावे, सेल बदलावा आणि घरातील निरोगी माणसाच्या बोटावर लावून ते बरोबर चालते का हे पाहावे. मोजताना नेलपॉलिश पुसून टाकावे, हात गार असतील तर चोळून उबदार करावेत आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. बसल्या जागी आकडा ९४च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, ९०च्या खाली असेल तर थेट रुग्णालयात. ९५-९६ दिसूनही धाप लागत असेल तर सोबत कोणीतरी असताना खुर्चीवरून एक मिनिटभर उठबस करावी आणि आकडा पुन्हा पाहावा. तो तीन किंवा अधिक अंकांनी घसरला तर बसलेल्या स्थितीतील आकड्यावर विसंबून राहू नये. पीसीपीमध्ये नेमके हेच होते : स्वस्थ बसलेल्याचा ऑक्सिजन ठीक दिसतो आणि चार पावले टाकताच तो कोसळतो.

तिसरी गोष्ट टाळण्याची आहे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणून खाऊ नये. लेवोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके क्षयरोगाच्या जंतूंवरही थोडीफार चालतात. त्यांनी आठ-दहा दिवस बरे वाटते, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि खरा आजार आत दबा धरून राहतो. ‘दम्याची गोळी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये किंवा खोकला थांबवण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. निदान होण्याआधी घेतलेले स्टेरॉइड क्षयरोग भडकवू शकते. वाफ, कोमट पाणी, मध हे खुशाल घ्यावे. त्याने घशाला आराम पडतो, परंतु तपासणी पुढे ढकलण्याचे ते कारण होऊ नये.

थुंकीचा नमुना नीट कसा द्यावा

या विषयावर थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण उत्तम यंत्रे तालुक्यापर्यंत पोहोचूनही कितीतरी निदाने केवळ डबीत लाळ भरून दिल्यामुळे हुकतात. प्रयोगशाळेला हवा असतो तो छातीच्या तळातून आलेला घट्ट, चिकट बेडका. तोंडातली पाण्यासारखी लाळ तिच्या कामाची नसते.

सकाळी उठल्यावर, चहा आणि तंबाखूच्या आधी, साध्या पाण्याने दोन-तीनदा चुळा भराव्यात. टूथपेस्ट किंवा माउथवॉश वापरू नये. नंतर गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या खिडकीजवळ जावे आणि घरच्यांना दूर उभे राहायला सांगावे. शौचालयात किंवा बंद खोलीत नमुना काढू नये, कारण तेथील हवेत जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. उभे राहून किंवा ताठ बसून खोल श्वास घ्यावा, क्षणभर रोखावा, सोडावा. असे दोनदा करून तिसऱ्या वेळी पोटापासून जोर लावून खोकावे. डबी ओठांशी धरून बेडका आत सोडावा, डबीच्या कडेला लागू देऊ नये, आणि झाकण घट्ट फिरवून बंद करावे. चमचाभर भरेल एवढा बेडका पुरतो. नाव डबीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नव्हे, कारण प्रयोगशाळेत झाकणे वेगळी होतात. नमुना उन्हात ठेवू नये आणि त्याच दिवशी पोहोचता करावा. बेडका येतच नसेल तर ते तसेच सांगावे. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचा नमुना केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘निगेटिव्ह’ ठरवला असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नये. सीडी४ कमी असताना फुफ्फुसात पोकळ्या कमी पडतात, बेडक्यात जंतू थोडे असतात आणि काचपट्टीवर ते सुटून जातात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी झाली का, असे विचारावे. ती काही तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही हेही सांगते. ट्रूनॅटचे छोटे, बॅटरीवर चालणारे यंत्र गोव्यातील कंपनीने बनवले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. वीज येतजात असते अशा ग्रामीण केंद्रांत त्याचा मोठा आधार आहे. व्यक्ती फार आजारी असेल किंवा सीडी४ खूप कमी असेल तर लघवीतून अर्ध्या तासात क्षयरोगाचा माग काढणारी ‘लॅम’ ही पट्टीची तपासणीही असते; बेडका न येणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून क्षयरोग नाही, असे या व्यक्तींच्या बाबतीत म्हणता येत नाही.

क्षयरोग निघाल्यास

क्षयरोग पूर्ण बरा होतो, एचआयव्ही असतानाही होतो. औषधाला दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतो. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरीही नोंदणी व्हायला हवी. २०१२पासून क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी बँक खात्यात रक्कम जमा होते. ती २०१८पासून महिन्याला ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४पासून १००० रुपये झाली आहे. तिच्यातून अंडी, डाळी, शेंगदाणे घरात येतात. वजन भरून येण्यासाठी औषधांइतकेच तेही गरजेचे असते.

सर्वांत अधिक लक्ष द्यायचे ते दोन उपचारांच्या मेळावर. रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की शरीरातील इतर कित्येक औषधे वेळेआधीच संपून जातात. एआरटीच्या सध्याच्या नेहमीच्या गोळीत, म्हणजे टीएलडीमध्ये, डोलुटेग्राविर असते आणि त्याचे रक्तातील प्रमाण रिफाम्पिसिनमुळे घटते. म्हणून क्षयरोगाचा उपचार चालू असताना डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी, टीएलडीपासून १२ तासांच्या अंतराने, रोज घ्यावी लागते आणि रिफाम्पिसिन संपल्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवावी लागते. क्षयरोगाची औषधे एका दवाखान्यातून आणि एआरटी दुसरीकडून मिळत असेल तर ही जादा गोळी मधल्या मध्ये राहून जाते. क्षयरोगाचे पहिले पाकीट हातात पडताच एआरटी केंद्राला फोन करावा आणि ‘माझी दुसरी गोळी कधीपासून?’ असे स्वतःहून विचारावे. ॲटाझानावीर, लोपिनावीर किंवा दारुनावीर असलेली दुसऱ्या टप्प्याची औषधे चालू असतील तर रिफाम्पिसिनऐवजी सहसा रिफाब्युटिन द्यावे लागते. गर्भनिरोधक गोळ्याही रिफाम्पिसिनमुळे कुचकामी ठरतात, हे स्त्रियांना कोणी आपणहून सांगेलच असे नाही. त्यांनी या काळात दुसरे साधन वापरावे.

लघवी नारिंगी होणे हा रिफाम्पिसिनचा निरुपद्रवी परिणाम आहे. डोळे पिवळे होणे, सतत मळमळ, जेवणावरची वासना उडणे हे मात्र यकृताचे दुखणे असू शकते. तेव्हा गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. या सहा महिन्यांत दारू पूर्ण वर्ज्य करावी.

एचआयव्हीचे निदान आणि क्षयरोगाचे निदान एकाच वेळी झाले असेल तर आधी क्षयरोगाची औषधे सुरू करून, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग नसल्यास, दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करतात. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा ताप येणे, मानेतील गाठी सुजणे, खोकला वाढणे असे होऊ शकते. सावरू लागलेली प्रतिकारशक्ती आतल्या जंतूंवर एकदम तुटून पडते, त्याचा हा परिणाम असतो. ‘या गोळ्यांनीच मला आजारी पाडले’ असे वाटून अनेक जण याच टप्प्यावर औषधे सोडतात. तसे करू नये. डॉक्टरांना दाखवावे, सूज आवरण्यासाठी औषध देता येते.

आजार होण्याआधीच जे करता येते

क्षयरोगाचे जंतू अंगात सुप्तावस्थेत असलेल्या, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता आयुष्यभरात ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील तर ती दर वर्षी १० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून क्षयरोग नाही याची खात्री झाल्यावर एआरटी केंद्रातून प्रतिबंधक उपचार दिला जातो : आयसोनियाझिडची रोज एक गोळी सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांचा आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा क्रम. कोणता पर्याय चालेल हे एआरटीच्या गोळ्यांवर अवलंबून असते. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती ‘शक्तीची गोळी’ समजून बाजूला ठेवू नये.

कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे बोलीभाषेतील सेप्ट्रान, ही स्वस्त आणि जुनी गोळी पीसीपीपासून वाचवते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीडी४ ३५०च्या खाली असताना ती रोज देतात आणि आकडा वर जाऊन तिथे टिकल्याशिवाय बंद करत नाहीत. बरे वाटते म्हणून आपणच ती थांबवू नये. अंगावर पुरळ उठले तर कळवावे. पुरळाबरोबर तोंडात फोड, डोळ्यांची लाली किंवा ताप आला तर गोळी तत्काळ बंद करून रुग्णालयात जावे, पर्यायी औषध मिळते.

लसींच्या बाबतीत आपल्याकडे अजून पुरेशी जागरूकता नाही, याची खंत वाटते. न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धची लस प्रत्येक एचआयव्ही असलेल्या प्रौढाने घ्यावी असा वैद्यकीय सल्ला आहे. तिचे दोन प्रकार आहेत : एकात १३ प्रकारच्या जंतूंवरील लसीनंतर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरील लस देतात, दुसऱ्यात २० प्रकारांवरील एकच लस पुरते. बहुतेकांना ती स्वखर्चाने घ्यावी लागते आणि ती महाग आहे, म्हणून सीडी४ २००च्या वर गेल्यावर लसीचा परिणाम अधिक चांगला होतो हे ध्यानात घेऊन वेळ ठरवावी. मात्र आकडा वाढण्याची अनिश्चित काळ वाट पाहत बसू नये. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला तो भर पावसाळ्यात, आणि महाराष्ट्रात आजही फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. तेव्हा मृगाच्या आधीच ती घेतलेली बरी. ती इंजेक्शनचीच असावी, नाकात फवारण्याची नव्हे.

आईला एचआयव्ही असल्यास तान्ह्या बाळाला सहा आठवड्यांपासून कोट्रायमॉक्साझोल सुरू करतात, आणि बाळाला एचआयव्ही नाही हे निश्चित झाल्यावरच ते बंद होते.

तंबाखू आणि धूर

डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एआरटी नीट घेणाऱ्या, पण धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीच्या आयुष्यातील सुमारे १२ वर्षे तंबाखू हिरावून घेते, तर एचआयव्ही सुमारे ५ वर्षे. वर्षानुवर्षे एकही गोळी न चुकवणारा माणूस दवाखान्याबाहेर येऊन विडी पेटवतो तेव्हा त्याच्या त्या सगळ्या शिस्तीवर पाणी पडते. एचआयव्ही असलेल्यांना फुफ्फुसांची लवचीकता कमी करणारा सीओपीडी हा आजार तरुण वयात होतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जिवाणूंचा न्यूमोनियाही अधिक वेळा होतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. एकदम सोडणे जमत नसेल तर निकोटिनच्या च्युइंगमचा आधार घ्यावा. तो एआरटीला बाधत नाही.

चुलीच्या धुराने होणारी हानी स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते. गॅस परवडत नसेल तर किमान चूल भिंतीच्या आतून उंबऱ्याबाहेर, पडवीत आणावी, ओले लाकूड वापरू नये आणि आजारी व्यक्तीला स्वयंपाकाच्या वेळी तिथे बसवू नये. दगडखाण, खडी केंद्र, फरशीचे कटिंग या कामांतील सिलिकाच्या धुळीने क्षयरोगाचा धोका एचआयव्ही नसतानाही वाढतो. दोन्ही एकत्र आले तर तो फारच वाढतो, म्हणून शक्य असेल तर काम बदलावे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस असतो. बाल्कनी झाडण्याचे काम सीडी४ कमी असलेल्या व्यक्तीने करू नये, आणि जो करील त्याने आधी पाणी शिंपडावे.

इनहेलर घेण्याआधी

दमा किंवा सीओपीडीसाठी खासगी डॉक्टरांकडे जाणारे अनेक जण आपला एचआयव्ही सांगत नाहीत. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, परंतु इथे मौनाची किंमत फार मोठी आहे. ॲटाझानावीर, लोपिनावीर आणि दारुनावीर यांच्या जोडीला रिटोनावीर असते, आणि ते फ्लुटिकासोन व बुडेसोनाइड या इनहेलरमधील स्टेरॉइडांचा शरीरातून होणारा निचरा रोखते. नुसत्या श्वासावाटे घेतलेले औषध मग रक्तात साठत जाते : चेहरा गोल होतो, पोट सुटते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि इनहेलर अचानक बंद केल्यास माणूस गळून पडतो. नाकात मारायच्या स्प्रेमध्येही हेच औषध असते. सालमेटेरॉल असलेला एकत्रित इनहेलरही रिटोनावीरसोबत चालत नाही. डबीवरचे नाव वाचावे आणि यांपैकी काही असेल तर बेक्लोमेथासोन देता येईल का, असे विचारावे. केवळ टीएलडी घेणाऱ्यांना ही अडचण येत नाही. त्यांनी पित्ताची पातळ औषधे, लोह आणि कॅल्शियम यांच्याकडे लक्ष द्यावे आणि डोलुटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. इनहेलरनंतर खळखळून चूळ भरून थुंकली नाही तर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो.

बरे झाल्यानंतरही धाप राहिली तर

क्षयरोगाचा उपचार संपला, थुंकी स्वच्छ झाली, तरी काहींचा दम भरून येत नाही. फुफ्फुसात राहिलेले व्रण आणि रुंदावलेल्या श्वासनलिका याला कारण असतात. अशा वेळी ‘टीबी पुन्हा झाला’ असे गृहीत धरून तपासणीशिवाय पुन्हा तीच औषधे सुरू करू नयेत. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, आणि सीटी स्कॅन यांवरून नेमके कारण कळते. जुन्या पोकळीत बुरशीची गाठ बसली तर खोकल्यातून रक्त येते, आणि त्यावरील औषधांचा एआरटीशी मेळ पुन्हा पाहावा लागतो. रोज सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चालावे. धाप लागली की नाकाने श्वास घेऊन, ओठ शीळ घालताना करतो तसे आवळून, घेण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळात तो हळूहळू सोडावा.

रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागल्यास

एका पिशवीत एआरटीचे पुस्तक, चालू असलेल्या सर्व गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसह, जुने एक्स-रे आणि आधारकार्ड एकत्र ठेवावे व ती पिशवी कुठे आहे हे घरातील एका विश्वासू माणसाला माहीत असावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. अपघात विभागातील डॉक्टरांना सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगाव्यात : एचआयव्ही आहे, शेवटचा सीडी४ इतका होता, सेप्ट्रान चालू आहे किंवा नाही. पीसीपीची शंका असेल तर तपासणीच्या निकालाआधीच उपचार सुरू करावे लागतात, आणि ऑक्सिजन फार कमी असेल तर त्यासोबत स्टेरॉइडही द्यावे लागते. हा निर्णय डॉक्टर या माहितीशिवाय घेऊच शकत नाहीत. रुग्णालयात दाखल असतानाही एआरटीची गोळी चुकू देऊ नये.

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे, किंवा व्यक्तीच्या संमतीविना तिची स्थिती इतरांना सांगणे, हे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार बेकायदेशीर आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला आहे. तसे घडल्यास वेळ, विभाग आणि कोण काय म्हणाले हे लिहून ठेवावे, रुग्णाला आधी दुसरीकडे उपचार मिळवून द्यावेत, आणि त्यानंतर एआरटी केंद्रातील समुपदेशकामार्फत किंवा १०९७ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर बोलून राज्याच्या लोकपालाकडे तक्रार कशी करायची ते विचारून घ्यावे.